भुशावर घातलेला आळ

लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येतं का, हा प्रश्न घरच्या माणसांनी मला दोनदा विचारला. पहिल्यांदा मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा नाही म्हणालो. मधली वर्षं कशी काढली ते कुणाला सांगितलेलं नाही. धंदा केला, दुकान वाढवलं, लग्नकार्यांत मिरवलो. आता पन्नाशी ओलांडल्यावर लिहायला बसलोय ते एवढ्यासाठीच, की तोंडानं हे मला पुन्हा सांगता येणार नाही.

नव्वद सालानंतर कॉम्प्युटर कोल्हापुरात नवे होते, तेव्हा मी डिप्लोमा करून ते जोडायला शिकलो. राजारामपुरीत एक गाळा घेतला. त्या मशिनांचं एक बरं होतं. कॅबिनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. चित्र अडकत असलं तर जुनं ग्राफिक्स कार्ड खाचेतून उपसायचं, नवं दाबून बसवायचं, स्क्रू आवळायचा. गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत काम व्हायचं आणि गिऱ्हाईक माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तसं बघायचं. आई आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या ह्याच्या हातात कुटलंबी मशीन द्या."

आमच्या गावात ही फुशारकी धरत नाहीत. इथं उद्यमनगरात एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत घालतात आणि ती गाडी गगनबावड्याचा घाट चढून, वर भजी खाऊन परत येते. माणसानं जोडलंय ते माणसाला खोलता येतंय, हा आमचा धर्म. "होत नाही" असं गिऱ्हाइकाला सांगणारा मिस्त्री आमच्याकडे कच्चा. आधी "हुतंय की" म्हणायचं, मग खोलून बघायचं. मीही तसाच वाढलो. ही सबब नाही. कसा घडलो ते सांगतोय.

माझी थोरली बहीण, आक्का, उचगावात दिली होती. तिचे यजमान, आमचे दाजी, पॅटर्न करायचे. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी मातीत जो आकार उमटवतात, तो उमटवायचा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. नमुना मातीत दाबला की वर उचलावा लागतो, आणि उचलताना मातीची कड मोडता कामा नये. म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित ढाळ द्यायचा असतो. तो ढाळ डोळ्यांना दिसत नाही. दाजींच्या हाताला तो कळायचा. घरामागं पत्र्याची शेड होती, तिच्यात ते दिवसभर असायचे. आक्का जेवायला हाक मारायची तेव्हा ते भुवयांपर्यंत भुशानं पिवळे होऊन यायचे. आक्का म्हणायची, "आला बघा आमचा भंडारा उधळलेला द्येव."

दोन हजार सालानंतर फाउंड्रीवाले बदलायला लागले. आधी कॉम्प्युटरवर आकार दाखवा, फिरवून दाखवा, मग लाकडाला हात लावा. ज्यांना ते जमेना त्यांची कामं तुटली. दाजींच्या बरोबरीचे दोघंतिघं आपली शेड बंद करून दुसऱ्याच्या कारखान्यात हजेरीवर, म्हणजे रोजंदारीला, गेले. दाजी गेले नाहीत. चाळिशी उलटल्यावर ते संध्याकाळच्या क्लासला जायला लागले. क्लासमधली पोरं त्यांना "काका, माउस खाली ठेवा, उचलू नका" म्हणून हसायची. हे सगळं दाजींनीच आम्हाला हसत सांगितलं होतं. पुण्याहून नोकरी सोडून आलेल्या कुणाचा तरी जुना, जाडजूड लॅपटॉप त्यांनी घेतला. तो आक्काच्या कपाटात, तिच्या लग्नातल्या शालूशेजारी, टॉवेलात गुंडाळलेला असायचा. आंघोळ केल्याशिवाय दाजी त्याला हात लावत नसत. हे मला माहीत होतं. ते माहीत होतं, हे इथं लिहून ठेवतो.

त्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. ताटं उठली तशी दाजी माझ्याशेजारी सरकले.

"पावणं, एक इचारू का?"

"बोला की दाजी."

"कागलकडच्या एका फाउंड्रीनं बुधवारी बोलावलंय. पंपाचा बाहेरचा आकार हाय. ड्रॉइंग केलंय मी. मालक म्हनला, टेबलावर फिरवून दावा. पसंत पडलं तर हितनं फुडं त्यांची समदी पॅटर्नं माझ्याकडं."

"मग? बेस की."

"बेस कुटलं. आकार फिरवाय ग्येलं की काळा पडतोय आन मशीन थटतंय. क्लासातलं सर म्हनलं, ग्राफिक्सची ताकद कमी पडतीया. त्ये कार्ड बदलून मिळतंय का?"

आई दारात उभी होती. आक्का भांडी गोळा करता करता थांबली. तिला माहीत होतं, बुधवारचं जमलं नाही तर शेडला कुलूप लागणार आणि दाजी हजेरीवर जाणार. दाजींनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. दिवाळीच्या आहेरातसुद्धा "कशाला वं" म्हणणारा माणूस.

मी लॅपटॉप तोवर कधी उघडला नव्हता. विकले होते, उघडला नव्हता.

"बदलूया की," मी म्हणालो. "त्यात काय हाय?"

आई आक्काकडे बघून हसली.

सोमवारी दुपारी दाजी लॅपटॉप घेऊन दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, ओले केस, काखेत टॉवेलातलं बाळ. त्या वर्षी भारनियमन होतं, चारला वीज जाणार होती. मी लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, वरचं झाकण हळू हळू उचकटलं. दाजी माझ्या खांद्यावरून बघत होते. लाकडावर वाकलेल्या माणसाचा श्वास जसा असतो, तसा त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

आत कार्ड नव्हतं.

खाच नव्हती, स्क्रू नव्हता, उपसून काढावं असं काहीच नव्हतं. एक हिरवा बोर्ड, आणि त्याच्यावर नखाएवढी काळी चकती, बोर्डाला जन्मापासून डसलेली. तीच ग्राफिक्स. बदलायची म्हणजे अख्खा बोर्ड बदलायचा, आणि त्या मशिनाला दुसरा बोर्ड बसत नाही. हे कळायला मला वेळ लागला नाही. एका नजरेत कळलं. इथं मान वळवून "दाजी, न्हाय हुत" एवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"सापडलं?" दाजींनी विचारलं.

"सापडलं."

"मग?"

"मग काय. बसवायचं दुसरं." त्यांचा श्वास अजून मानेवर होता. मला विचार करायला जागा हवी होती. ते दुकानात नको होते. आणि मी म्हणालो, "दाजी, तुम्ही जरा भाईर बसा. उघड्या मशिनावर भुसा नको."

दाजींनी खाली मान घालून शर्टाकडे बघितलं. शर्टावर काही नव्हतं. तरी त्यांनी छाती झटकली, बाह्या झटकल्या, आणि मागं सरकत सरकत बाहेर गेले. काचेच्या दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. आतून मला त्यांची पाठ दिसत होती.

शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गरम हवेची बंदूक होती. तिनं तो मोबाईलमधले बारके तुकडे सोडवायचा आणि बसवायचा. माझ्याकडे एक मेलेला लॅपटॉप पडला होता, त्याच्यावर जास्त ताकदीची चकती होती. डोक्यात आलं, मोबाईलवाले करतात, मग आपण का नाही? ही काढायची, ती बसवायची. त्या चकतीच्या पोटाखाली शिशाचे शेकडो ठिपके असतात, ते सगळे एकाच वेळी वितळावे आणि एकाच वेळी जागेवर बसावे लागतात. त्याला वेगळी यंत्रं लागतात. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की चारला वीज जाणार आणि पायरीवर दाजी बसलेत.

मी बंदूक धरली. काही होईना. उष्णता वाढवली. आजूबाजूचे मोहरीएवढे तुकडे हलायला लागले, चकती हलेना. चिमट्यानं ढोसली. आणखी वाढवली. मग वास आला. जळक्या डिंकासारखा. बोर्ड मधोमध तपकिरी झाला आणि पापडासारखा किंचित वर उचलला गेला.

पायरीवरून आवाज आला, "पावणं, हुतंय न्हवं?"

"हुतंय, हुतंय."

वीज गेली. पंखा थांबला. अर्धवट अंधारात मी तो बोर्ड हातात धरून बसलो. एवढा चटका बसत होता, तरी सोडवेना.

मग मी सगळं जागच्या जागी ठेवलं. झाकण लावलं. स्क्रूसुद्धा एकेक करून नीट आवळले. दार उघडून बाहेर गेलो आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो. शेजारी बसलं म्हणजे तोंड बघावं लागत नाही.

"दाजी, मशीन ग्येलं."

"ग्येलं म्हंजे?"

"मेलं. आतनं आधीच गेल्यालं होतं. भुसा साठला होता पंख्यात. गरम होऊन होऊन बोर्ड जळलाय."

ते समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी आंगुळ केल्याबिगार हात लावत नव्हतो वं."

"केसात असतो, दाजी. कानात असतो. आपल्याला दिसत न्हाय."

हे मी म्हणालो.

"आन ड्रॉइंग?"

"ते बी गेलं असणार."

त्यांनी मान हलवली. टॉवेलाची घडी घातली. मेलेला लॅपटॉप तुमच्याकडेच ठेवा म्हणाले, "घरी नेऊन काय करू?" आणि स्टॅंडकडे चालायला लागले. जाताना ते हाताचे तळवे बघत होते. एक, मग दुसरा.

आतापर्यंतचं एक वेळ चूक म्हणून खपेल. घाबरलो, खोटं बोललो. पुढचं खपणार नाही.

वीज आल्यावर मी त्या लॅपटॉपची डिस्क काढली. डिस्क वेगळी असते, तिला काहीच झालं नव्हतं. एका कॉलेजच्या सरांसाठी मी मोठं मशीन जोडून ठेवलं होतं, भारी ग्राफिक्स कार्डाचं. त्याच्यावर दाजी वापरायचे तेच सॉफ्टवेअर होतं. डिस्क लावली. दाजींची फाईल उघडली. पडद्यावर पंपाचा तो आकार आला, शंखासारखा वळलेला, आणि मी माउस ओढला तसा तो फिरला. लोण्यासारखा. कुठं काळं पडणं नाही, कुठं थटणं नाही. उजेड त्याच्या कडांवरून सरकत गेला. मी तो उलटा केला, आतून बघितला. त्या माणसानं माउस उचलू नका म्हणणाऱ्या पोरांत बसून हे केलं होतं.

मंगळवार अख्खा हातात होता. मशीन गाडीत घालून बुधवारी फाउंड्रीत नेता आलं असतं. एक फोन करायचा होता. पण फोन केला तर दाजी विचारणार, ड्रॉइंग गेलं म्हणालात, मग हे कुठनं आलं? डिस्क चांगली, तर मग बोर्ड कसा जळला? एक धागा ओढला की अख्खा सदरा उसवणार. मंगळवारी सकाळी फोनवर हात ठेवला. दुपारीही ठेवला. संध्याकाळी ते कॉलेजचे सर मशीन न्यायला आले, आणि मी ते देऊन टाकलं. डिस्क गल्ल्यामागच्या खणात ठेवली.

बुधवारी दाजी हात हलवत फाउंड्रीत गेले आणि हात हलवत परत आले. दिवाळीनंतर शेडला कुलूप लागलं. ते उद्यमनगरात एका मोठ्या पॅटर्नवाल्याकडे हजेरीवर जायला लागले. दुसऱ्यानं काढलेल्या आकाराला पॉलिश पेपर मारायचं काम. तक्रार केली नाही. पण दुकानावरून जायचे तेव्हा पायरीवरच थांबायचे. मी म्हणायचो, "दाजी, आत या की, चहा घेऊया."

"नगं नगं. भुसा हाय अंगाला. हितंच बरा."

माझ्या गिऱ्हाइकांसमोर, हसत. मी चहा पायरीवर नेऊन द्यायचो. घरात नवा टीव्ही आला, मोबाईल आला, दाजी लांबूनच बघायचे. आक्का नंबर लावून द्यायची आणि ते मोबाईल कानापासून थोडा दूर धरून बोलायचे. लोक चेष्टा करायचे. मीही एकदा केली.

मग काही वर्षांनी आक्काची पोरगी, माझी भाची, इंजिनिअरिंगला लागली. मेकॅनिकललाच. लॅपटॉप घ्यायचा म्हणून मला उचगावला बोलावलं. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, ती जाहिरातींचे कागद पसरून बसली होती. आक्का तांदूळ निवडत होती. दाजी उंबऱ्यापाशी.

"मामा, आत्ता साधाच घेते. तिसऱ्या वर्षाला मोठं सॉफ्टवेअर लागतंय, तवा ग्राफिक्स कार्ड बदलून घिऊया. बदलता येतंय न्हवं?"

तांदळातले खडे ताटाबाहेर पडत होते, टक, टक. तो आवाज मला अजून ऐकू येतो. हो म्हणालो तर ही पोरगी चुकीचं मशीन घेणार आणि तिसऱ्या वर्षी बापासारखीच अडकणार. नाही म्हणालो तर उंबऱ्यापाशी बसलेला माणूस ऐकणार. 'बघूया' हा तिसरा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. आयुष्यभर तोच वापरला होता.

"न्हाय येत," मी म्हणालो.

"का?"

"ते कार्ड नसतंच. बोर्डावर डसवलेलं असतं. काही महागड्या मशिनांत सुटं असतं म्हणतात, मी पाहिलेलं नाही. काय घ्यायचं ते आत्ताच बघून घे."

ती बरं म्हणून कागद चाळायला लागली. मग दाजी म्हणाले, "कवापासनं?"

"काय, दाजी?"

"ह्ये डसवत्यात त्ये. कवापासनं?"

टक टक थांबलं.

"पैल्यापासनं," मी म्हणालो. "तुमचंबी तसंच होतं. मला उघडल्याबरोबर कळलं होतं. भुसा न्हवता, दाजी. मी जाळलं ते."

भाचीला काही कळेना, ती एकदा माझ्याकडे आणि एकदा बापाकडे बघत होती. आक्का उठली. ताट तिनं खाली ठेवलं की टाकलं, सांगता येणार नाही. तांदूळ सोपाभर झाले.

"ह्यो मानूस," ती म्हणाली, "टीव्हीचं बटन दाबाय आदी हात धुतो रं. माझ्या घरात. रोज. आन तू चा पितोस हितं बसून?"

दाजींनी हात वर करून तिला थांबवलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "ड्रॉइंग?"

"हाय. डिस्क हाय माझ्याजवळ. तवापासनं."

"जा, घिऊन ये."

आजवर त्यांनी मला पावणं म्हटलं होतं, तुम्ही म्हटलं होतं. त्या दिवशी म्हणाले, जा, घिऊन ये.

मी दुकानात गेलो. डिस्क काढली, दुकानातलं तसंच एक मोठं मशीन उचलून गाडीत घातलं, पडदा मागच्या सीटवर आडवा ठेवला आणि उचगावला परत आलो. इतकं सोपं होतं ते. त्या मंगळवारीही इतकंच सोपं होतं. सोप्यात मशीन जोडलं, फाईल उघडली, खुर्ची मागं ओढून उभा राहिलो. दाजी आत मोरीवर गेले. पाण्याचा आवाज आला. आक्कानं डोळ्यांना पदर लावला. ते हात पुसत आले, बसले, आणि माउस धरला. उचलला नाही.

आकार फिरायला लागला. त्यांनी तो सावकाश फिरवला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. भाची त्यांच्या मागं उभी राहिली. "हे तुम्ही केलंय?" ती म्हणाली. ते एका कडेपाशी थांबले, जवळ जाऊन बघितलं, अगदी नाक टेकेल इतकं जवळ.

"हितं ढाळ चुकलाय," ते म्हणाले. "मातीतनं निघताना कड मोडली असती. त्यांनी हाकललंच असतं मला." आणि माझ्याकडे वळून, "बसा की पावणं. उबं कशाला?"

मी बसलो. चहा झाला. पुन्हा या विषयावर बोलणं झालं नाही. दाजी काम सोडेपर्यंत हजेरीवरच राहिले, शेड उघडली नाही. पण ते आता दुकानाच्या आत येऊन बसतात.

ढाळ खरंच चुकला होता, की माझ्यासाठी त्यांनी तो चुकला म्हटलं, मला कळत नाही. ते काम मला येत नाही. भाचीला येतं, ती त्याच क्षेत्रात आहे, मोजून सांगायला तिला क्षणही लागणार नाही. फाईल तिच्याकडे आहे.

मी तिला अजून विचारलेलं नाही.